शेऱ्याचा रकाना

हिंगोलीत सायबर सेल म्हणजे
एसपी ऑफिसच्या मागची एक खोली,
तीन कॉम्प्युटर, एक कूलर. त्यात पाणी मीच ओतते.

वरून शब्दांची यादी आलीय. चारशे बारा.
पाच वर्षं माझं काम एवढंच,
कुणी बघू नये ते आधी मी बघायचं.
लिंक, तारीख, वेळ, तीन प्रिंट
आणि प्रमाणपत्र, की हे मी स्वतः पाहिलं.

यादी वाईट नाही.
नववीतल्या एका पोरीचा फोटो रातोरात उतरवला,
तिचा बाप जिन्यातच खाली बसला होता.

पण ती मारहाणीची क्लिप,
दुसऱ्याच राज्यातली, जुनी,
वर कुणीतरी आपल्या बोलीत आवाज चढवलेला:
‘बगा, वसमतला काय करायलेत.’
पत्र पाठवलं. स्मरणपत्र पाठवलं.
उत्तर येईस्तोवर ती औंढ्याला गेली,
कळमनुरीत दोन दुकानांच्या काचा फोडल्या
आणि नाव बदलून परत माझ्या टेबलावर.
पोरगा डोक्यावर हात धरतो ती जागा
मला सेकंदासकट पाठ आहे.
शेवटी हटली, लोकांसाठी.
माझ्यातून हटवायचा अर्ज कुणाकडं करतात?

काल सेनगावकडच्या कौतिकाबाई आल्या यादीत.
टाकी बांधून दोन वर्षं, नळाला थेंब नाही.
रिकामी घागर मोबाइलपुढं आदळून म्हणतात,
‘मुडदा बशिवला त्या टाकीवाल्याचा!’
मशीननं मुडदा ओळखला.
टाकी नाही ओळखली.

साहेब नवीन. म्हणाले, जीवे मारायची धमकी होते का ही?
म्हटलं, सर, आमच्याकडं
पोरगं न जेवता झोपलं तरी आई हेच म्हणते.
ते हसले. ‘शब्द यादीत आहे ना?’
आहे.
शेऱ्यात मी ‘बोलीतला वाक्प्रचार’ टाइप केलं.
रकान्यात मावलं ‘बोलीतला वा’.
अडीच तासांत कौतिकाबाई गेल्या, घागरीसकट.
इतकं चपळ उत्तर मला कधीच आलं नव्हतं.

घरी आई जागी. ताट झाकलेलं.
‘मुडदा बशिवला तुझ्या नोकरीचा,
कामून एवढा उशीर? भाकर गार व्हायली.’
मी सवयीनं घड्याळ पाहिलं.
अकरा चाळीस.
मग हात धुतले.