टॉवेलवरचं नेब्रास्का

ऑर्डर आली चार हजार नगांची,
तीस बाय साठ, दोनरंगी, झालर नको.
सोबत दोन पानं, राज्याची माहिती.
म्हणजे टॉवेलवर काय काय यायला हवं, ते.

मी गुणवंत चिट्याल. अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
जकार्डची डिझाइनं काढतो.
आजवर मोर काढले, ताजमहाल, पक्षांची चिन्हं.
अख्खं राज्य पहिल्यांदाच.

नकाशा सोपा. बाकी बाजू पट्टीनं ओढलेल्या,
पूर्वेची तेवढी नदीनं कुरतडलेली.
पश्चिमेला दांडा, पळीला असतो तसा.
मधून आणखी एक नदी, रुंद आणि घोटाभर.
तिथल्या जुन्या लोकांच्या बोलीत
नेब्रास्का म्हणजे सपाट पाणी.
सिद्राम म्हणाला, आपल्या सीनेला तेवढंही नसतं,
पण तिला नाव द्यायला कोण येतंय?
नावं ठेवायला येतात.

मग मका. कणीस काढलं ते शाळूचं निघालं,
मंगळवेढ्याचं, टपोरं.
हात सवयीनं जातो.
पुसलं, पानं रुंद केली. झाला मका.

करकोचे मार्चच्या सुमाराला लाखांनी उतरतात
त्या घोटाभर पाण्यात.
मला जागा मिळाली तीन करकोच्यांपुरती.
आमच्या नान्नजच्या माळावर
माळढोक मोजायला गेलेला भाचा
कोरी वही घेऊन परत आला.

इतिहास चार ओळींत उरकलाय.
१८६७ला राज्य झालं. रेल्वे आली.
मोकळी जमीन होती, लोक आले,
एकशेसाठ एकर मिळवून बसले.
मोकळी.
ज्यांच्या बोलीतलं नाव घेतलं
ती माणसं पुढच्या ओळीत नाहीत.

माझा पणजोबाही आलाच होता, करीमनगरकडून, चालत,
गिरणीच्या भोंग्याच्या रोखानं.
त्याला जमीन नाही मिळाली. मागही दुसऱ्याचा.
सोळा गावांचं सोलापूर म्हणतात;
सोळांची नावं विचारा,
पाचाच्या पुढे कुणी जात नाही.

जकार्डचं असं असतं,
पुठ्ठ्याला भोक पाडलं तर धागा वर येतो,
नाही पाडलं तर खाली राहतो.
जात नाही कुठे.
दोनरंगी टॉवेल उलटा करून बघा,
पुढे जे मोकळं, ते मागे भरलेलं.
आठ अक्षरं तेवढी उलटी.
गिऱ्हाईक मागची बाजू बघत नाही.

चार हजार गेले. सत्तावीस नग सेकंडमध्ये निघाले,
नदीत एक धागा सुटलेला.
त्यातला एक तपासणीच्या अनसूया म्याकलनं नेला, चाळीस रुपयांत.

परवा तिच्या घरी गेलो तर
सासूच्या मांडीवर नेब्रास्का,
त्यावर सूप, सुपात विडीची पानं,
करकोच्यांच्या पायांशी तंबाखूची भुकटी.
म्हातारीनं तेलुगूत विचारलं, हे गाव कुठलं रे?
लांबचं, म्हणालो. पश्चिमेकडे पाऊस बेताचाच.
तिनं पान कातरलं, दोरा गुंडाळला.
म्हणाली, मग बरंय. लवकर वाळेल.