अर्धा पाव

शनिवारी सहानंतर
यादविगाबाईंच्या दुकानात मी अर्धा पाव मागते.
उद्या रविवार. वूचमध्ये रविवारी मोठी दुकानं बंद,
आणि विसरलेली गोष्ट सोमवारपर्यंत विसरलेलीच राहते,
आगपेटी असो, बल्ब असो, मीठ असो.

बाई काही विचारत नाहीत.
काळसर आंबूस पाव फळीवर आडवा घालतात,
सुरी मधोमध धरतात, डोळ्यांनीच मोजतात,
कापतात.
एक अर्धा मला.
दुसरा, कापल्या तोंडाला कागद लावून, मागे मांडणीवर.
त्याचं पुढे काय होतं
मी बरीच वर्षं विचारलं नाही.

बाकी सगळं कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात.
तिथे एकट्या माणसापुरतं काही जन्मालाच येत नाही.
दही येतं चौकडीने,
सॉसेज आठ-आठ, एकमेकांना बिलगून,
बटाटे पाच किलोच्या जाळीत,
त्यातले तळचे दोन कायम हिरवे.
‘दोन घ्या, तिसरं फुकट’ या पाटीखालून
मी एक उचलते
आणि पूर्ण किंमत भरते, दंड भरावा तशी.

कोबीबद्दल तर बोलायलाच नको.
नोव्हेंबरात घेतलेला एक गड्डा.
सूप केलं, परतला, पुन्हा सूप,
किसून व्हिनेगर घातलं, शेजारच्या मांजरालाही दाखवून पाहिला.
नाताळ आला तरी फ्रिजमध्ये तो तेवढाच.
मला वाटतं, दार लावल्यावर
अंधारात वाढत असावा.

एका उकडलेल्या बटाट्यावर भुरभुरायला
शेपूची अख्खी जुडी.
उरलेली खिडकीत, पाण्याच्या ग्लासात:
तीन दिवस पाहुणी,
चौथ्या दिवशी मयत.

पैसे घ्यायला माणूस नाही, यंत्र आहे.
मधाळ आवाजात सांगतं,
अनोळखी वस्तू ठेवली आहे.
तो माझा हातमोजा असतो.
लाल दिवा लागतो, मागची रांग खाकरते,
विशीतला एक मुलगा येतो, कार्ड टेकवतो,
मला निर्दोष सोडतो, तोंडाकडे न बघता.
मग यंत्राची चौकशी, सवलतीसाठी:
घरात माणसं किती?
मी दोन दाबते.
अगदीच खोटं नाही. कोबी आहे.

चार मजले. लिफ्ट नाही.
दुसऱ्यावर पिशवी टेकवायची
आणि किल्ली शोधत असल्याचं नाटक करायचं,
जिन्यात कोणी नसलं तरी.

गेल्या शनिवारी ट्राम अडकली, सात वाजून गेले.
दुकानात एक म्हातारे गृहस्थ, टोपी हातात,
ताटकळलेले.
अख्खा पाव फळीवर, सुरी बाजूला.
“कापला आणि त्या आल्याच नाहीत,
तर उरलेला कोणाच्या गळ्यात मारू?”
यादविगाबाई त्यांना सांगत होत्या,
तेवढ्यात दाराची घंटा वाजली, ती मी.
“आल्या,” बाई म्हणाल्या,
ट्राम आल्यासारखं.

सुरी फिरली. आम्ही दोघंही
सुरीकडेच पाहत होतो, लहान मुलं पाहतात तसे.
एक अर्धा बोटभर मोठा निघाला.
त्यांनी तो माझ्याकडे सरकवला,
मी त्यांच्याकडे, त्यांनी परत माझ्याकडे,
शेवटी बाईंनीच कागदात बांधून मोकळ्या झाल्या.
“शहाजिरं नेहमी तुमच्या बाजूला जास्त जातं,”
टोपी चढवताना ते म्हणाले,
तक्रार नव्हे, नुसती नोंद.
नाव तेओफिल. बाईंनी हाक मारली म्हणून कळलं,
सुटे पैसे काउंटरवर राहिले होते त्यांचे.

घरी येऊन पाव ताटलीत ठेवला,
कापलेली बाजू खाली, सुकू नये म्हणून,
आई ठेवायची तसा.
त्यांना हे ठाऊक असेल का?
विचारायला हवं होतं.
आणि मीठ,
मीठ पुन्हा राहिलंच.