अजून एकही नाही

हर्णैच्या बर्फाच्या कारखान्याला
मागच्या भिंतीशी टेकून झोपतात कुत्री.
डिसेंबरात पहाटे मतलई वारा सुटला
की बंदरातली झाडून सगळी तिथेच.
बर्फ व्हायला निघालेलं पाणी
जाताना आपली ऊब टाकून जातं,
ती नळ्यांतून फिरत फिरत
या भिंतीपाशी येते, असं
इस्माईलचाचा बुरोंडकर सांगतात.
चाळीस वर्षं कॉम्प्रेसरच्या आवाजात काढल्यामुळे
ते सगळ्यांशीच ओरडून बोलतात,
मेलेल्या बायकोच्या फोटोशीसुद्धा.

मी त्यांच्या स्टुलावर,
पुण्याहून अर्धा प्रबंध घेऊन आलेली.
विषय: श्वेतबटूंचं निवत जाणं.
"बटू? मुंजीतला?"
नाही चाचा. इंधन संपलेला तारा.
वजन सूर्याएवढं, आकार पृथ्वीएवढा,
त्यातला एक चमचा म्हणजे
मासळीनं भरलेला टेम्पो.
आत आता काही जळत नाही.
तरी कोसळत नाही,
कारण एका इलेक्ट्रॉनच्या जागेत
दुसरा शिरायला तयार नाही,
सामाईक जमिनीवरून भांडणारे भाऊ जसे.
नुसत्या अडेलपणावर उभा.

मग निवत राहतो.
निवता निवता गोठू लागतो,
कार्बन, ऑक्सिजन, ज्याचा तो आपल्या जागी,
आणि गोठताना, तुमच्या पाण्यासारखाच,
ऊब सोडतो.
तेवढ्या उबेपायी त्याचं निवणं
शंभरेक कोटी वर्षं लांबतं.

चाचांनी हौदावरची फळी उचलली.
खाऱ्या पाण्यात डबे उभे, अमोनियाचा वास.
"ह्यो बघ, बाहेरून आत धरतो.
मधला गाभा शेवटी, म्हणून पांढरा.
आणि तुझा?"
माझा आतून बाहेर.
"उलटा,"
म्हणाले, आणि बराच वेळ
त्या एकाच डब्यात बघत राहिले.

"मग? सगळा गोठला की?"
त्यानंतरही निवतच राहतो.
शेवटी कृष्णबटू. काळा, गार.
आभाळात असेल पण दिसणार नाही.
"तू बघितलायस?"
कोणीच नाही. अजून एकही झालेला नाही.
विश्वाचं वय भरलं तेराशेऐंशी कोटी,
याला लागतील त्याच्या हजारो पट.
सध्या फक्त गणितात आहे.

"नायच, तर नाव कशाला ठेवलंत?"

मला उत्तर आलं नाही.
प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातही नव्हतं.

संध्याकाळी पाजपंढरीला घेऊन गेले,
न सांगता, स्कूटरवर मागे बसवून.
दामोदर पावसेची होडी,
सात पावसाळे ताडपत्रीखाली.
इंजिनाचे पैसे अडले, मग मुलगा कतारला गेला,
मग दामोदरच्या गुडघ्याचं ऑपरेशन.
एका फळीच्या फटीत चिमणीचं घरटं.
चाचांनी ताडपत्रीचं टोक वर केलं:
नाळेच्या बाजूला लाल रंगात, जाड अक्षरात,
कनकदुर्गा.
पाणी लागलेलं नाही तिला
एक थेंबही, पावसाचा सोडला तर.

"नावेला नाव आधी पडतं, गो.
नायतर सुतारानं हाक कोणाला मारायची?"

परतताना वाटेत डिझेल संपलेला टेम्पो,
आणि रस्ताभर कोळंबीचा वास.
आम्ही काही बोललो नाही.
वर श्वेतबटू असतील कितीतरी,
व्याधाच्या ताऱ्याला एक चिकटलेला आहे,
उघड्या डोळ्यांना नाही दिसत,
आणि चाचा स्कूटर चालवताना
वर बघणाऱ्यातले नव्हेत.

त्या रात्री वीज गेली, सबंध बंदराची.
कॉम्प्रेसर थांबला तशी मी जागी झाले,
इतकी शांतता मी हर्णैत ऐकली नव्हती.
मागच्या भिंतीशी गेले, बॅटरी घेऊन.
कुत्री उठली नव्हती.
एकानं फक्त डोळा उघडून मिटला.
मी त्यांच्यामधून वाट काढून
भिंतीला तळहात लावला.
कोमट.
खिशात पेन होतं.
हातावरच लिहून घेतलं: दोन वाजून दहा.
आणि बसून राहिले, पुढच्या आकड्यासाठी.