कमरेचं माप

हरेश्वर पराडकर आले तेव्हा
मी तबल्याची वादी ओवत होते.
दाभोली नाक्यावर दुपारचं कुणी नव्हतं,
तरी एकदा रस्त्याकडे बघून घेतलं त्यांनी.
म्हणाले, पाकीट शिवून हवं.
पैशाचं? मी विचारलं.
नाही.

परवाना आहे, हे तीनदा सांगितलं.
मग पहाटेचा लिलाव, बर्फवाल्याचे पैसे, खलाशांचे पैसे,
आणि शिमग्यानंतर निवतीच्या वळणावर
दिवा विझवून उभी असलेली ती मोटारसायकल.
मुंबईहून आणलेलं कापडी म्यान बाकावर ठेवलं,
हत्यार काढलं की तोंड मिटून बसणारं,
दाढा गेलेल्या म्हाताऱ्यासारखं.
स्वस्तात मिळालं, म्हणाले.
ते दिसतंच, मी म्हटलं.

उभ्यानं माप देऊ नका. बसा.
स्कूटरवर बसता तसे.
आता होडीत पाय टाकता तसे.
आता वाकून टोपलीतला सुरमय उचला.
शर्ट वर सरकला ना?
वाकल्यावर जे दिसतं ते लपवलेलं नसतं.

बाबा म्हणायचे, कातड्याला नखानं विचारावं.
वळ उठून परत बुजला, तर घ्यावं.
बाभळीच्या सालीत कमावलेलंच;
दुसरं लोखंडाला खातं, आणि इथली हवा
उरलेलं खाते. पितळेचे रिबीटसुद्धा
दोन पावसांत हिरवे होतात.
अंगाकडून एक जादा पदर, घामासाठी.
तोंडाला दुहेरी पट्टी, उघडं राहायला.
चाप पुरता झाकलेला,
चुकूनही बोट पोचू नये असा.
उलटं धरून झटकलं तर पडायचं नाही,
ओढलं तर अडायचं नाही.
एवढंच. बाकी नक्षी लग्नाच्या चपलांवर.

खरं हत्यार मात्र दुकानात ठेवून घेतलं नाही.
ह्याच बाकावर पोरांच्या शाळेच्या चपला असतात.
कागदावर रेघ मारून घेतली आणि सावंतवाडीला
चितारआळीत दत्तारामकडे पाठवली.
त्यानं पांगाऱ्यात कोरून दिलं हुबेहूब,
वर न सांगता रंगवलंही:
काजूबोंडाचा लाल, मुठीला केळ्याचा पिवळा.
त्या खेळण्यावर ओलं कातडं दाबलं,
हाडानं घोटलं, दोन दिवस सावलीत.

पराडकर घालून बंदरापर्यंत चालत गेले, परत आले.
मी पायरीवर उभी राहून बघत होते.
काही दिसलं नाही.
ह्या कामाला तेवढीच शाबासकी.

मग निवडणूक लागली.
परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा, पावती घेऊन.
आठव्या दिवशी संध्याकाळी ते पुन्हा दारात.
"बाय, चलताना उजवी बाजू हलकी लागता.
लिलावात आवाज चढत नाय."
आणि फळीवरच्या लाल-पिवळ्याकडे बघत,
"ता दी माका. निकालापुरता.
कोणाक सांगू नको."

दिलं. बसलं अगदी चपखल;
बसणारच, म्यान त्याच्याच अंगावर शिवलेलं.
दारापर्यंत गेले, मान हलवत परतले.
पांगाऱ्याला कसलं वजन!
तेव्हा मी खालून भोक पाडलं,
भावाच्या फाटक्या जाळ्याची शिशाची मणी
एकेक करून आत सोडली,
वर मेण भरलं.
शेजारच्या मासळीच्या काट्यावर टाकलं,
ते म्हणाले, आणखी दोन.
दोन घातली.

निकाल लागून महिना झाला.
खेळणं परत आलेलं नाही.
ठाण्यातून खरं सोडवून आणलं का,
ते मी विचारलं नाही.
भाऊ सांगतो, पराडकरांचा आवाज हल्ली
धक्क्याच्या पार टोकापर्यंत पोचतो.

काल समोरून गेले, नमस्कार केला, वाकून
पडलेली किल्ली उचलली.
शर्ट हलला नाही.
आत काय आहे ते मलाही कळलं नाही,
आणि टाके तर माझे आहेत.