एकास एक

बर्फाच्या कारखान्यावरची खोली.
बंदीच्या दिवसांत खालची यंत्रं मुकी,
नुसता अमोनियाचा वास जिन्यात राहिलेला.
सोसायटीने मला तीन महिन्यांसाठी ठेवलंय:
देवगड बंदरातल्या तीनशे एक्केचाळीस होड्या,
तेवढेच परवाने,
समुद्र उघडायच्या आत
एकाला एक बांधून द्यायचे.

कोडमध्ये हे सोपं असतं.
होडीला विचारावं, तुझा परवाना?
ती हात धरूनच उभी असते.
परवान्याला विचारावं, तुझी होडी?
तोही.

तक्त्यांना हात नसतात.
तिथे एकाने दुसऱ्याचा नंबर
खिशात घालून हिंडायचं,
आणि दुसऱ्याला पत्ताही नसतो
की आपण कुणाच्या खिशात आहोत.

मग कुणाच्या?
परवान्याशिवाय होडी असू शकते.
खिडकीतून दिसतातच,
झापांखाली पालथ्या, उताण्या,
इंजिनं काढून घरी नेलेली.
होडीशिवाय परवाना म्हणजे शिक्का मारलेला कागद.
तेव्हा नंबर परवान्याच्या खिशात.
ज्याचं दुसऱ्याशिवाय भागत नाही
त्याने आठवण ठेवावी.

आणि त्या रकान्याला कुलूप:
इथला आकडा पुन्हा यायचा नाही.
हे कुलूप राहिलं तर एकास एक हे फक्त बोलण्यापुरतं,
एका होडीवर चार परवाने
गुपचूप येऊन बसतात,
मांजरं बसावीत तसे, सुकत घातलेल्या बांगड्यांशेजारी.

ओळ दोनशे बारा. मशीन अडलं.
रवळनाथप्रसाद, मालक धर्माजी कुबल.
एक होडी, परवाने दोन,
दोन्ही जिवंत, दोन्ही नूतनीकरण केलेले.

बोलावणं धाडलं. तो आला,
चपला जिन्यातच काढून,
स्क्रीनकडे न बघता पंख्याकडे बघत म्हणाला,
"पयली फुटली गो कुणकेश्वराच्या खडपार.
नाळ तेवढी गावली.
त्याच नाळीक नवी फळी लावली.
नाव ताच, रंग तोच.
आता तू सांग, व्हडी एक काय दोन?"

मी पुण्यात हे शिकले होते.
दोन वस्तूंतलं सगळं सारखं असलं
तरी त्या एकच ठरत नाहीत.
ओळख नंबरावरून, रूपावरून नव्हे.
पण नंबर तर त्याने जुनाच रंगवला होता,
स्वतःच्या हाताने, पांढऱ्या रंगात,
सातचा पाय जरा लांब.

दोन परवान्यांवर दोनदा डिझेलची सवलत,
हे त्याने सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही. रजिस्टरात होतंच.

दुपारी खाली उतरले. वाळू तापलेली.
झाप बाजूला करून पाहिलं:
फळ्या तांबूस, तेल पाजलेल्या,
आणि पुढे नाळ, काळी,
तिच्या खिळ्यांभोवती मिठाची बारीक रांगोळी.
तिच्यावर हात ठेवला
तेव्हा ती फळ्यांपेक्षा गार लागली,
की तसं वाटलं.

जुना परवाना रद्द केला.
त्याच्यासोबत त्याचं सगळं गेलं, नियमच तसा आहे,
आधीचे दंड, वादळाची नुकसानभरपाई, तपासणीच्या तारखा,
एका बटणात.
डिझेलही.
धर्माजी काही बोलला नाही. तंबाखू मळत राहिला.
मग जिन्याच्या तोंडाशी थांबून,
"आनी माका खंयच्या खिशात घातलंस?"

"तुम्ही तिसऱ्या तक्त्यात."
"थंय एकटोच काय?"
"तुमच्या नावावर होड्या कितीही असू शकतात."
तो हसला. म्हणाला,
"एकच पुरता गो."

पाच वाजता मशीनने दोनशे बारावी ओळ घेतली.
एक होडी, एक परवाना.
शेऱ्याच्या रकान्यात,
जिथे कुणी काही शोधत नाही,
मी लिहिलं: नाळ जुनी.
आणि दोनशे तेरावर गेले.