वहीबाहेर

नारेव नदी इथे एकदा वळली
आणि सरळ व्हायचं विसरली.
त्या विसरण्यातून उरलेलं हे तळं,
भोवती दलदल, त्यावर लाकडी फळ्यांची वाट,
फाटकावर गंजकी पाटी: राखीव क्षेत्र. कुत्री दोरीला बांधून.

राखणदारीण हाल्श्का.
मांडीपर्यंत रबरी बूट, कानामागे पेन्सिल.
'नऊ एप्रिल. बेडूक निळे झाले.'
खरंच होतात. वर्षातून चारच दिवस
नर बेडूक आभाळासारखे निळे,
बुडवलेला तांब्या भरत जावा तसे बोलतात.
मग एका सकाळी पुन्हा मातकट,
मांडव उतरल्यावर
नवरदेव दिसतो तसे.

'बावीस एप्रिल. क्रौंच दोन.
सतराव्या फळीवर पाणमांजराची विष्ठा, त्यात खवले.'

पलीकडचा झेनोन रात्री फावडं घेऊन येतो,
बीव्हरनं घातलेला बांध फोडतो,
कारण पाणी त्याच्या कुरणात चढतं.
सकाळी बांध जागच्या जागी,
वर एक ताजी सोललेली फांदी.
वहीत एवढंच: 'बांध फुटला. बांध झाला.'
कोणी, ते हाल्श्का लिहीत नाही.

यंदा मे महिनाभर ती अंधारात बसली
बोरूच्या बनातला तो तपकिरी बगळा ऐकायला.
रिकाम्या बाटलीत फुंकर घालावी तसा हुंकारतो,
दोन कोसांवर पोचतो,
दिसत मात्र नाही जन्मात.
अकरा मे: नाही.
अठरा मे: नाही.
पंचवीस: नाही, आणि पुढे खोडलेलं काहीतरी.

अठ्ठाविसाव्या रात्री झेनोन आला, फावडं खांद्यावर.
तिला पाहून थबकला. आता पळणार कुठे?
"गप्प बस," ती म्हणाली, "ऐकायचंय."
तो बसला. फावडं मांडीवर आडवं.
डास.
बीव्हरची शेपटी पाण्यावर, फटाक.
मग बराच वेळ नुसतं पाणी.

"तो माझ्याकडे आहे," झेनोन म्हणाला,
चोरी कबूल करावी तसा.
"कुरणात. जिथं पाणी साचलंय तिथं.
दहा दिवस झोपू देत नाही मेला."

फाटकावरची हद्द
त्या पाखराला कोणी वाचून दाखवली नव्हती.

हाल्श्कानं चाचपत लिहिलं.
उजेडात पाहिलं तर अक्षरं
ओळीवरून घसरून समासात गेलेली.

फावडं तो घेऊनच गेला.
त्या रात्री बांध फुटला नाही.
पुढच्या रात्रीचं
अजून लिहायचंय.