आठला या

मानवतच्या मोंढ्यामागं आमची पिठाची गिरणी.
अभिराज सहा वर्षांचा,
डब्यांच्या आडोशाला बसतो, फिरत्या पट्ट्याकडं बघत.
हाक मारली तर वळत नाही.
तीन वर्षं मारली मी, चढत्या आवाजात.
मग अंजना म्हणाली, अहो, ते बहिरं नाही,
तुम्ही चाळणी टेकवली तरी त्याला कळतं.

परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी कागद दिला.
बोट दाखवून काही मागतो का?
दुसऱ्या लेकरांत रमतो का?
खोटं खोटं जेवण, खोटा खोटा फोन?
मी नाही, नाही, नाही लिहीत गेलो.
ज्याला हो म्हणता आलं असतं
ते कुणी विचारलंच नव्हतं.

ऑटिझम, त्या म्हणाल्या. स्वमग्नता.
आजार नव्हे, मेंदूची घडणच निराळी.
तो शब्द मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो.
स्वतःत बुडालेला?
सगळ्या गल्लीचं दळण ज्याच्या कानात पडतं,
तो?

बोलतो तो. पण गिऱ्हाइकांची वाक्यं.
गयाबाईचं, "बारीक दळा, भाकर चिरती."
लिंबाजीचं, "कालचं पीठ कमी भरलं."
त्याच सुरात, लिंबाजीच्या खोकल्यासकट.
लोक हसायचे. मीही हसायचो,
आणि घरी आल्यावर त्याच्यावर खेकसायचो.

मेहुणीचं लग्न, सेलूला.
डीजे लागला तसा तो मांडवात लोळला,
कानांवर तळवे, डोळे घट्ट,
"पट्टा सुटला! पट्टा सुटला!"
हे वाक्य माझं.
कुणी म्हणालं नजर काढा, कुणी म्हणालं दोन ठेवून द्या.
केरबामामा म्हणाले, लाडानं वाया गेलं लेकरू.
आणि मी, वीस वर्षांचा गिरणीवाला,
पट्टा सुटला की आधी काय करतो?
मोटर बंद करतो.

उचललं. मांडवामागं हरभऱ्याच्या वावरात नेलं,
छातीशी घट्ट धरून बसलो,
एक शब्द बोललो नाही.
बऱ्याच वेळानं त्याचा श्वास जाग्यावर आला.
माझाही.

उधारीच्या वहीची मागची पानं आता त्याची.
"कालचं पीठ कमी भरलं" म्हणजे अजून अर्धी भाकर.
"बारीक दळा" म्हणजे सदऱ्याचं लेबल टोचतंय, कापा.
"आठला या" म्हणजे आत्ता नको.
रात्री भिंतीकडं तोंड करून म्हणतो,
"तुमच्याकडं बी लाईट गेली का?"
त्याच्यापुढची जागा कोरी आहे.

काल शाळेच्या हेडमास्तरांनी हात जोडले,
पुढच्या वर्षी बघू म्हणाले. हे दुसरं पुढचं वर्ष.
येऊन पोत्यावर बसलो. गिरणी बंदच होती,
तो थांबलेल्या पट्ट्याकडं बघत होता.
मी हळूच म्हणालो,
पट्टा सुटला रे, राजा.

त्यानं मान वळवली नाही.
"आठला या."

घड्याळात साडेसहा वाजले होते.
मी तिथंच बसून राहिलो.